वाचकांचे प्रश्न: स्टीम टेबल उघडण्याआधी पाणी कुठे आहे ते बघा

मागच्या अंकात बॉयलर आणि वाफेवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली आणि त्यातली बहुतेक स्टीम टेबलवरचीच निघाली. डिप्लोमाची मुलं आहेत, इंजिनिअरिंगची आहेत, बॉयलरवर ड्युटी करणारी मंडळी आहेत आणि एक पत्र तर थेट स्वयंपाकघरातून आलंय. म्हणून हा अख्खा कॉलम स्टीम टेबललाच, म्हणजे कुठल्या प्रेशर-टेंपरेचरला पाण्याचे आणि वाफेचे गुणधर्म किती ते देणाऱ्या तक्त्यांना दिला. खाली सगळीकडे प्रेशर ॲब्सोल्यूट (बाहेरच्या हवेचा दाबही धरून) बारमध्ये, एन्थाल्पी (साठलेली ऊर्जा अधिक प्रेशर गुणिले व्हॉल्यूम) किलोज्यूल प्रति किलोमध्ये आणि स्पेसिफिक व्हॉल्यूम (एक किलो किती जागा घेतं ते) घनमीटर प्रति किलोमध्ये आहे, जिथे वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय. तुमच्या पुस्तिकेतला आकडा शेवटच्या एखाद्या अंकात वेगळा दिसला तर घाबरू नका, त्याचंही उत्तर पुढे येतंय.

प्रश्न: सर, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तिकेत टेंपरेचरचं टेबल वेगळं, प्रेशरचं वेगळं आणि सुपरहीटचं वेगळं. गणितात ५ बार आणि एखादं टेंपरेचर दिलं की कुठलं उघडायचं तेच कळत नाही. आणि एका गणितात ५ बार, १५१.८६ डिग्री दिलं होतं तर आमचे सर म्हणाले डेटा अपुरा आहे. दोन गोष्टी दिल्यात तरी अपुरा कसा?
(एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर: तुझा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे, त्याच्यापासूनच सुरू करू, कारण तो सुटला की कुठलं टेबल उघडायचं हे आपोआपच कळतं.

५ बारला पाणी १५१.८६ डिग्रीला उकळतं. आता असं समज की एक किलो पाणी पिस्टनखाली ठेवलंय, पिस्टनवर वजन ठेवून प्रेशर ५ बार कायम ठेवलंय आणि खालून गरम करत चाललोय. ३० डिग्री, ६०, १००, १५० असं चढत जातं आणि १५१.८६ ला पोचलं की टेंपरेचर थांबतं. तिथून पुढे तब्बल २१०८.५ किलोज्यूल उष्णता दिलीस तरी ते हलत नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, आणि शेवटचा थेंब संपला की मगच ते परत चढायला लागतं. म्हणजे ५ बार आणि १५१.८६ डिग्री सांगून तू मला एवढंच सांगितलंस की पाणी उकळण्याच्या टप्प्यात आहे. नुकतं उकळायला लागलंय, अर्धं झालंय की संपत आलंय, ते सांगितलंच नाहीस. एन्थाल्पी ६४०.२ असू शकते, २७४८.७ असू शकते किंवा मधली कुठलीही. उकळण्याच्या टप्प्यात प्रेशर आणि टेंपरेचर या दोन माहिती नसतात, एकच माहिती दोनदा दिलेली असते. तिसरं काहीतरी लागतं, ड्रायनेस फ्रॅक्शन (वजनाने किती हिस्सा वाफ झालाय ते) किंवा व्हॉल्यूम किंवा एन्थाल्पी किंवा एंट्रोपी, यातलं कुठलंही एक. तुझ्या सरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

आता कुठलं टेबल. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पान उलटण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, पाणी कुठल्या अवस्थेत आहे? आणि त्याचं उत्तर प्रेशरच्या सॅच्युरेशन टेबलात, म्हणजे उकळण्याच्या टप्प्याच्या टेबलातच मिळतं, म्हणून पहिल्यांदा कायम तिथेच जायचं. ५ बारची ओळ काढ, त्या प्रेशरचं उकळण्याचं टेंपरेचर १५१.८६ दिसेल. गणितात २०० डिग्री दिलंय का? मग उकळून कधीच पुढे गेलंय, सुपरहीटेड आहे, सुपरहीटचं टेबल उघड, ५ बार आणि २०० डिग्रीला एन्थाल्पी २८५५.४ आणि व्हॉल्यूम ०.४२४९ मिळेल. १०० डिग्री दिलंय का? मग अजून उकळायचंच आहे, नुसतं दाबाखालचं गरम पाणी आहे. याच्यासाठी बऱ्याच पुस्तिकांमध्ये वेगळं टेबलच नसतं आणि मुलं तिथे अडकतात, पण गरजही नसते, टेंपरेचरच्या टेबलात १०० डिग्रीसमोरची एचएफ (उकळायला आलेल्या पाण्याची एन्थाल्पी) घ्यायची, ४१९. दाबाची दुरुस्ती करायचीच म्हटली तर व्हॉल्यूम गुणिले जादा प्रेशर, ०.००१०४४ गुणिले साधारण ४०० किलोपास्कल, म्हणजे ०.४ किलोज्यूल. ४१९ मध्ये ०.४ ने काय फरक पडतो? टेंपरेचरसमोरची घ्यायची हे मात्र लक्षात ठेव, बरीच मुलं ५ बारसमोरची ६४० घेऊन मोकळी होतात आणि सगळं गणित तिथेच चुकतं.

टेंपरेचरच्या ऐवजी व्हॉल्यूम दिलं असेल तरी पद्धत तीच. ५ बार आणि ०.२ घनमीटर प्रति किलो असं दिलंय समज. ५ बारच्या ओळीत व्हीएफ (पाण्याचं व्हॉल्यूम) ०.००१०९३ आणि व्हीजी (पूर्ण वाफेचं व्हॉल्यूम) ०.३७४९. आपलं ०.२ दोघांच्या मधे पडतं, म्हणजे वेट स्टीम, पाणी आणि वाफ एकत्र. ०.२ मधून ०.००१०९३ वजा कर, वरच्या दोन आकड्यांच्या फरकाने म्हणजे ०.३७३८ ने भाग, ड्रायनेस ०.५३२. मग एन्थाल्पी ६४०.२ अधिक ०.५३२ गुणिले २१०८.५, साधारण १७६२.

इथे जरा थांबून त्या ०.५३२ कडे बघ. वजनाने ४७ टक्के अजून पाणीच आहे, पण ते ४७ टक्के पाणी जागा किती घेतं? ०.४६८ गुणिले ०.००१०९३, म्हणजे ०.०००५१ घनमीटर, एकूण ०.२ मधलं पाव टक्का. काचेच्या भांड्यात हे बघायला मिळालं असतं तर तळाशी पाण्याचा पातळसा थर आणि वर सगळी वाफच दिसली असती, आणि तरी वजनाने जवळजवळ निम्मं पाणी. ड्रायनेस वजनावर असतो, जागेवर नाही, हे या एका उदाहरणात जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही.

प्रश्न: माझा मुलगा नोकरीनिमित्त लेहला आहे. तो म्हणतो तिकडे भात उघड्या पातेल्यात नीट शिजतच नाही, कुकर लागतोच. कुकरमध्ये नक्की किती टेंपरेचर असतं आणि ते लेहला कमी होतं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, याचं उत्तर स्टीम टेबलच्या दोन-तीन ओळींत आहे. लेह साधारण ३५०० मीटरवर, तिथे हवेचाच दाब ०.६५ बारच्या आसपास, आणि टेबल सांगतं की एवढ्या दाबाला पाणी ८८ डिग्रीला उकळतं. खालून गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या पातेल्यातलं पाणी ८८ च्या वर जाणार नाही, नुसतं लवकर आटेल. नाशिकला तेच ९८ ला उकळतं.

घरच्या कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब झाला की उचलते. म्हणजे नाशिकला आतला एकूण दाब १.९५ बारच्या जवळ, टेंपरेचर ११९. लेहला १.६५ बार, टेंपरेचर ११४. उघड्या पातेल्यात दहा डिग्रीचं नुकसान होतं आणि कुकरमध्ये पाचच डिग्रीचं, शिवाय शिजायला ११४ म्हणजे भरपूर झालं, तेव्हा मुलाचं म्हणणं खरं आहे. एक गोष्ट त्याला जरूर सांगा, वाफ जोरात यायला लागल्यावरच शिट्टी ठेवायची. टेबलातला दाब हा शुद्ध वाफेचा असतो, आत हवा अडकून राहिली तर दाबातला काही हिस्सा हवेचा होतो आणि शिट्टी झाली तरी आतलं टेंपरेचर टेबलापेक्षा कमीच राहतं.

प्रश्न: सर, बंद टाकीचं गणित आहे. ०.५ घनमीटरच्या टाकीत ५ किलो पाणी आणि वाफ १०० डिग्रीला आहे, सगळं पाणी वाफ होईपर्यंत तापवलं तर शेवटचं प्रेशर आणि दिलेली उष्णता काढा. मी एन्थाल्पीचा फरक घेतला, उत्तर ११२३४ किलोज्यूल आलं, पुस्तकात १०२८८ आहे. कुठे चुकलो?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: तुझं टेबल वाचणं चुकलेलं नाही, बाकी पायऱ्याही बरोबर असणार, कारण ११२३४ हा आकडा उगाच येत नाही. चुकलंय फक्त कुठली राशी घ्यायची ते.

आधी अवस्था बघू. टाकी बंद आणि कडक, वजनही तेच, म्हणजे स्पेसिफिक व्हॉल्यूम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ०.१ च राहणार, सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे. १०० डिग्रीला व्हीएफ ०.००१०४४ आणि व्हीजी १.६७३, आपलं ०.१ मधे पडतं, ड्रायनेस ०.०५९२. शेवटी सगळी वाफ, म्हणजे व्हीजी ०.१ कुठे येतं ती ओळ शोधायची. १७.५ बारला ०.११३४९ आहे, २० बारला ०.०९९६३ आहे, मधे इंटरपोलेट केलं, म्हणजे मधली किंमत प्रमाणात काढली, की १९.९ बार आणि २१२ डिग्री. वाचताना हे साधं वाटतं पण विचार कर, वातावरणाइतक्या दाबाची टाकी फक्त तापवून २० बारला गेली, व्हॉल्व्ह बंद असलेल्या कुठल्याही भांड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह का लागतो त्याचं उत्तर या एका गणितात आहे.

आता उष्णता. टाकीला पिस्टन नाही, काहीच बाहेर सरकत नाही, काम शून्य. म्हणून दिलेली उष्णता म्हणजे इंटर्नल एनर्जीतला फरक, एन्थाल्पीतला नाही. सुरुवातीची यू, म्हणजे इंटर्नल एनर्जी, ४१८.९ अधिक ०.०५९२ गुणिले २०८७.६, साधारण ५४२.५. शेवटची यूजी, म्हणजे पूर्ण वाफेची यू, २६००.२. फरक २०५७.७, गुणिले ५ किलो, १०२८८. पुस्तकाचं उत्तर आलं.

आणि तुझ्या उत्तरातला जादाचा हिस्सा कुठून आला तेही काढता येतं, हे करून बघच. ११२३४ वजा १०२८८ म्हणजे ९४६. आता टाकीचं व्हॉल्यूम ०.५ घे आणि प्रेशरमधली वाढ घे, १९९३ किलोपास्कल वजा १०१, म्हणजे १८९२. दोघांचा गुणाकार ९४६. एन्थाल्पीमध्ये यू च्या वर पीव्ही (प्रेशर गुणिले व्हॉल्यूम) बसलेला असतो, प्रेशर वाढलं तसा तो वाढला आणि तू तो उष्णतेत मोजलास. प्रेशर कायम ठेवून पिस्टनखाली तापवायचं असेल किंवा बॉयलरसारखं पाणी आत येऊन वाफ बाहेर जात असेल तर एन्थाल्पी, बंद कडक टाकी असेल तर इंटर्नल एनर्जी. युनिट किलोपास्कल गुणिले घनमीटर ठेवलं की सरळ किलोज्यूल येतात, बार तसाच ठेवलास तर शंभरपटीने चुकशील.

अजून एक, परीक्षेत कधीतरी विचारतात म्हणून सांगतो. याच टाकीत ५ च्या ऐवजी २५० किलो भरलं असतं तर व्हॉल्यूम ०.००२, हे क्रिटिकल व्हॉल्यूमपेक्षा (ज्या पॉइंटच्या वर पाणी आणि वाफ असा फरकच उरत नाही तिथल्या व्हॉल्यूमपेक्षा) म्हणजे ०.००३१ पेक्षा कमी. अशी टाकी तापवली तर पाण्याची वाफ होत जात नाही, उलट पाणीच फुगत फुगत वरची वाफेची जागा खाऊन टाकतं आणि शेवटी टाकी नुसत्या पाण्याने भरते, त्यानंतर प्रेशर जे चढतं ते फार भयानक वेगाने चढतं. म्हणून तापवायच्या आधी व्हॉल्यूम क्रिटिकलच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

प्रश्न: मी एका डेअरीत बॉयलर अटेंडंट आहे. बॉयलरच्या प्लेटवर १ टन, एफ अँड ए १०० असं लिहिलंय. गेज १० किलोवर चालवतो. वॉटर मीटर बघितला तर तासाला ८५० किलोच पाणी जातं. मालक म्हणतात बॉयलर कमी पडतोय, तुम्ही नीट चालवत नाही. खरंच काही बिघाड आहे का?
(बॉयलर अटेंडंट, सांगली जिल्हा)

उत्तर: दादा, तुमचं पत्र वाचून लगेच गणित मांडलं आणि मनापासून आनंद झाला, कारण तुमचा बॉयलर अगदी जसा चालायला हवा तसाच चालतोय आणि हे मालकांना कागदावर दाखवता येतं.

आधी प्रेशर. गेजवरचे १० किलो म्हणजे १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि ते बाहेरच्या हवेच्या वरचे. एक किलो म्हणजे ०.९८१ बार, तर ९.८१ बार, त्यात हवेचा दाब १ बारच्या जरा आतबाहेर मिळवला की ॲब्सोल्यूट १०.८ बार. स्टीम टेबल कायम ॲब्सोल्यूट असतं, गेजचा आकडा घेऊन सरळ टेबलात गेलं की उत्तर चुकतं. कमी प्रेशरला तर फारच चुकतं, गेजवर १ किलो असेल तर ॲब्सोल्यूट जवळपास दुप्पट असतं.

आता प्लेट. एफ अँड ए (फ्रॉम अँड ॲट) १०० चा अर्थ असा की १०० डिग्रीचं पाणी आत आलं आणि १०० डिग्रीचीच वाफ बाहेर गेली तर हा बॉयलर तासाला १००० किलो वाफ देईल. म्हणजे दर किलोला फक्त उकळण्याची उष्णता, २२५७ किलोज्यूल, जुन्या लोकांच्या तोंडी असलेले ५४० किलोकॅलरी ते हेच. तुमच्याकडे तसं कुठे आहे? तुम्ही ३० डिग्रीचं पाणी भरता आणि १०.८ बारची वाफ काढता. १०.८ बारला एचजी (पूर्ण वाफेची एन्थाल्पी) २७८१, ३० डिग्रीच्या पाण्याची एचएफ १२५.८, फरक २६५५. प्रत्येक किलोला २२५७ च्या ऐवजी २६५५ लागतात, म्हणजे १.१७६ पट. भट्टी देते तेवढीच उष्णता देते, मग वाफ १००० भागिले १.१७६, बरोबर ८५० किलो. मीटर ८५० दाखवतो. याहून चांगला पुरावा कुठला पाहिजे? पाणी किती टेंपरेचरचं येतं ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही, मी टाकीतलं साधं ३० डिग्रीचं धरलंय, तेवढं थर्मामीटरने एकदा बघून घ्या.

मालकांना पुढचं गणितही दाखवा. डेअरीत कॉइल आणि जॅकेटमधून निघणारं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) गरम असतं, बऱ्याच ठिकाणी ते गटारात जातं. ते फीड टँकला परत आणून पाणी ८० डिग्रीला आलं तर एचएफ ३३४.९, फरक २४४६, आणि तोच बॉयलर ९२० किलोच्या वर वाफ देईल, किंवा ८५० वरच चालवला तर इंधन तेवढं कमी. बॉयलर हाउसमध्ये म्हणतात ना की फीडचं पाणी सहा डिग्रीने गरम केलं की एक टक्का इंधन वाचतं, ते याच टेबलातून येतं: सहा डिग्रीला २५ किलोज्यूल, २६५५ च्या साधारण एक टक्का. फक्त कॉइल गळत नाही ना आणि दूध कंडेन्सेटमध्ये येत नाही ना हे तपासल्याशिवाय परत आणू नका, बॉयलरमध्ये दूध गेलं तर फेस होऊन वाफेबरोबर पाणी उडायला लागतं. पंप गरम पाणी नीट उचलतो का तेही बघून घ्या, टाकी पंपाच्या पुरेशी वर नसेल तर पंपाच्या तोंडाशीच पाण्याची वाफ होते.

प्रश्न: माझ्याकडच्या दोन पुस्तिकांमध्ये आकडे जुळत नाहीत. एकात क्रिटिकल टेंपरेचर ३७४.१४, दुसरीत ३७३.९५. कुठलं खरं? आणि मधल्या किमती काढताना सरळ इंटरपोलेशन कितपत चालतं?
(एक प्राध्यापक, सोलापूर)

उत्तर: दोन्ही आपापल्या काळातले खरे आहेत. स्टीम टेबल हे कुणी सूत्रातून बसून काढलेलं नाही, लोकांनी पाणी तापवून, दाबून, मोजून काढलेलं आहे, आणि मोजमाप सुधारलं की आकडे थोडे सरकतात. फ्रान्समध्ये रेन्यो यांनी १८४७ च्या सुमाराला जी मोजमापं छापली त्यावर कितीतरी वर्षं इंजिनं डिझाइन झाली. पुढे प्रत्येक देशाचं टेबल वेगळं व्हायला लागलं, टर्बाइन विकणारा एक टेबल वापरणार आणि घेणारा दुसरं, मग एफिशियन्सी कुणाची खरी? म्हणून १९२९ मध्ये लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्टीम टेबल परिषद झाली. आज जी समीकरणं उद्योगात वापरतात ती १९९७ ची, आणि आताचा क्रिटिकल पॉइंट ३७३.९४६ डिग्री, २२०.६४ बार. शिवाय १९९० मध्ये टेंपरेचरचं आंतरराष्ट्रीय मापच बदललं, त्या मापाने नॉर्मल वातावरणात पाणी १०० ला नाही तर ९९.९७ ला उकळतं. विद्यार्थ्यांना एवढंच सांगावं की एका गणितात एकच पुस्तिका वापरा. शून्य कुठे धरलंय तेही बघायला लावा: हल्लीच्या टेबलात ०.०१ डिग्रीच्या ट्रिपल पॉइंटवरच्या (जिथे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र असतात तिथल्या) पाण्याची इंटर्नल एनर्जी आणि एंट्रोपी शून्य धरतात.

इंटरपोलेशनचं सरसकट चालतं म्हणणं मला पटत नाही, राशी बघून ठरवावं. १ आणि २ बारच्या ओळी आहेत आणि १.५ पाहिजे असं धरा. एचजी २६७५.५ आणि २७०६.७, मध्य २६९१.१, खरा आकडा २६९३.६. काही बिघडलं नाही. आता व्हीजी घ्या, १.६९४ आणि ०.८८५७, मध्य १.२९०, खरा १.१५९, अकरा टक्के चूक! कारण वाफेचं व्हॉल्यूम प्रेशरच्या जवळपास उलट जातं, सरळ रेषेत जात नाही. उपाय सोपा आहे, व्हीजीच्या ऐवजी प्रेशर गुणिले व्हीजी इंटरपोलेट करा. १६९.४ आणि १७७.१, मध्य १७३.३, भागिले १५०, १.१५५. अर्ध्या टक्क्याच्या आत आलो. हे वर्गात एकदा फळ्यावर करून दाखवलं तर मुलं विसरत नाहीत.

प्रश्न: कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे सुपरक्रिटिकल युनिट आहेत असं ऐकलं. त्यांच्यासाठी सॅच्युरेशन टेबलात कुठली ओळ बघायची?
(एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: बॉयलरच्या बाजूसाठी कुठलीच नाही. उकळण्याची उष्णता बघत जा, १ बारला २२५८, १० बारला २०१५, १०० बारला १३१७, २०० बारला जेमतेम ५८० च्या आसपास, आणि २२०.६४ बारला शून्य. त्याच्या वर पाणी आणि वाफ अशा दोन वेगळ्या गोष्टीच उरत नाहीत, पाणी तापत तापत न उकळताच हलकं होत जातं. म्हणून अशा बॉयलरला पाणी आणि वाफ वेगळं करणारा ड्रम नसतो. तिथे प्रेशर आणि टेंपरेचर या दोन खरोखर वेगळ्या माहिती असतात आणि सुपरहीटच्या टेबलात पुढची पानं उघडायची. कंडेन्सरच्या बाजूला मात्र परत आपली नेहमीची सॅच्युरेशनचीच ओळ.

प्रश्न: मी साखर कारखान्यात ट्रेनी आहे. वाफेचा ड्रायनेस गेज किंवा थर्मामीटरवरून सांगता येतो का?
(एक ट्रेनी, नगर जिल्हा)

उत्तर: नाही येत, आणि का नाही ते इचलकरंजीच्या विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तरात आहे. ०.९९ ची वाफ असो की ०.८० ची, १० बारला गेज तेच आणि थर्मामीटर १७९.९ च. तिसरी माहिती मिळवण्यासाठी थ्रॉटलिंग कॅलरीमीटर लावतात. मेन लाइनमधून थोडी वाफ बारीक छिद्रातून बाहेर १ बारला सोडायची, सगळं नीट लॅगिंग केलेलं (उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून गुंडाळलेलं), त्यामुळे एन्थाल्पी आधी आणि नंतर सारखीच. प्रेशर कमी झालं की तेवढ्याच एन्थाल्पीत राहिलेलं पाणी वाफ होतं आणि वाफ थोडी सुपरहीट होते, आणि एकदा सुपरहीट झाली की प्रेशर आणि टेंपरेचर पुरेसं होतं.

समज बाहेर १ बारला १२० डिग्री आलं. सुपरहीटच्या टेबलात १०० ला २६७६.२ आणि १५० ला २७७६.४, मधे १२० ला २७१६.३. १० बारला एचएफ ७६२.८ आणि एचएफजी (उकळण्याची उष्णता) २०१५.३. ड्रायनेस म्हणजे २७१६.३ वजा ७६२.८, भागिले २०१५.३, ०.९७. पण बाहेरचा थर्मामीटर ९९.६ वरच अडकून बसला तर वाफ सुपरहीट झालेलीच नाही, परत दोन्ही माहिती एकच झाल्या आणि ते रीडिंग वापरायचं नाही. १० बारवरून १ बारला आणताना ड्रायनेस ०.९५ च्या खाली असेल तर असंच होणार, अशा वेळी आधी सेपरेटर लावून पाणी वेगळं काढून त्याचं वजन करावं लागतं. नमुना घेणारी नळी पाइपच्या आत आडवी गेलेली आहे ना आणि तिची भोकं येणाऱ्या वाफेच्या समोर आहेत ना हेही बघ, कारण पाइपच्या तळाने वाहणारं पाणी अशा नळीत फारसं येतच नाही आणि लाइनमधली खरी वाफ कॅलरीमीटर सांगतो त्यापेक्षा ओलीच असते.